एकोणीस फेऱ्यांतली दहावी

तात्याला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला जरा गर्वच होता. हेवा करायची वेळच आपल्यावर कधी आली नाही, हे कळायला त्याला चौपन्न वर्षं लागली आणि एक नवा नियम लागला.

शर्यतीच्या मोटरसायकलींच्या एका लहानशा संघात तो मिस्त्री होता. संघात रायडर एकच, पण गाड्या दोन. पहिली पळायची. दुसरी तिच्यासारखीच सजवून, पेट्रोल भरून, तयार ठेवायची. सरावात पहिली आपटली किंवा ऐन शर्यतीत पाऊस उतरला, तरच तिला बोलावणं. नाहीतर सकाळी दहा मिनिटं इंजिन गरम करायचं आणि अंगावर चादर टाकून द्यायची. पहिली गाडी तात्याची होती. अठरा वर्षं. या अठरा वर्षांत तीन रायडर बदलले, दोन ट्रक बदलले, पण पहिल्या गाडीवरचा हात बदलला नव्हता. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, की चौथ्या गिअरला गाडी जरा नाराज आहे. उघडून बघावं तर खरंच असायची.

दुसरी गाडी त्याच्या साडूची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली तात्याची आणि धाकटी साडूची. अकरा वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा ज्या पंपाच्या कारखान्यात होता त्याला टाळं लागलं. थोरलीनं नवऱ्यामागे टुमणं लावलं, तेव्हा तात्यानं संघाच्या हेडकडे शब्द टाकला. "हाताला चांगला आहे. फार बोलत नाही. दुसऱ्या गाडीवर ठेवा, तिथं काय बिघडणार?" त्या दिवसापासून सगळं गॅरेज त्याला साडूच म्हणू लागलं. टायरवाला साडू म्हणायचा, हेड साडू म्हणायचे, रायडरसुद्धा साडू म्हणायचा. जणू संघातल्या झाडून सगळ्यांच्या बायका एकाच घरातल्या.

दोघं राहायचेही एकाच इमारतीत, तात्या दुसऱ्या मजल्यावर आणि साडू त्याच्या बरोबर डोक्यावर. सासूबाई सहा महिने खाली, सहा महिने वर. पाहुण्यांना जावयांची ओळख करून देताना त्या म्हणायच्या, "आमचे थोरले पहिल्या गाडीवर असतात. आणि धाकटे... धाकटेपण तिथंच असतात." आठवड्यातून एकदा सगळे एकत्र जेवायला बसले की तात्या बोलायचा आणि साडू वाढून घ्यायचा. कुठल्या वळणावर गाडी कशी सावरली, रायडर उतरून काय म्हणाला, फोटोवाला कुठं उभा होता, सगळं तात्याच्या तोंडून. साडू खाली मान घालून जेवायचा. तात्याला वाटायचं, गरीब स्वभाव आहे बिचाऱ्याचा.

मग त्या शर्यतीचा शुक्रवार आला.

ट्रॅकवर नुकतंच नवं डांबर पडलं होतं. काळंभोर, खरखरीत, पाय घासला तर चप्पल फाडेल असं. सकाळचा सराव संपला आणि तात्यानं मागच्या चाकाच्या टायरवर सवयीनं तळवा फिरवला. उजव्या अंगाला त्याच्या बोटांना काहीतरी लागलं. करंगळीच्या नखाएवढा फोड. वरून रबर शाबूत, आत मात्र हवा धरल्यासारखं पोकळ. त्यानं टायरवाल्याला हाक मारली, टायरवाल्यानं कंपनीच्या इंजिनिअरला. इंजिनिअरनं टायर सुरीनं कापून बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. तोपर्यंत आणखी चार गॅरेजमधून असेच टायर यायला लागले होते.

संध्याकाळी कागद निघाला. या ट्रॅकवर कुठलाही टायर दहा फेऱ्यांच्या वर चालणार नाही. शर्यत एकोणीस फेऱ्यांची. प्रत्येक रायडरनं नववी किंवा दहावी फेरी संपवून आत यायचं, गाडी सोडायची, दुसऱ्या गाडीवर बसून उरलेली शर्यत पुरी करायची. न येणाऱ्याला सरळ बाहेर. जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. ज्या टायरवरून हे सगळं सुरू झालं तो तात्याच्याच हाताला सापडलेला, त्यामुळे त्याला तर मुळीच नव्हती.

कागद वाचून झाल्यावर गॅरेजमध्ये पहिल्यांदा टायरवाला बोलला. "म्हणजे शेवटी झेंड्याखालून साडूची गाडी जाणार!"

सगळे हसले. साडू हसला नाही, फक्त त्याचे कान लाल झाले. तात्याही हसला, जरा जास्तच मोठ्यानं, आणि हसता हसता त्याला कुठंतरी दुखलं. आजवर कधी न दुखलेली जागा होती ती.

हेड स्वतः जुने रायडर. डावा गुडघा वाकत नसे, म्हणून एक पाय लांब करून खुर्चीत बसायचे. त्यांनी कागदावर रेघ मारली. "पहिल्या गाडीवर नऊ, दुसऱ्या गाडीवर दहा."

"दहा पहिलीवर करा की," तात्या म्हणाला.

"का?"

"चिमण्याला तिची सवय आहे."

चिमणा म्हणजे रायडर. वजनानं इतका हलका की सगळे त्याला तसंच म्हणायचे. तो कोपऱ्यात केळं खात बसला होता. म्हणाला, "मला दोन्ही सारख्याच वाटतात, तात्या."

तात्याला हे तोंडात मारल्यासारखं झालं. सारख्याच!

हेड म्हणाले, "सुरुवातीला गर्दी असते. ब्रेक जास्त लागतो, टायर जास्त झिजतो. नंतर रान मोकळं. म्हणून आधी नऊ. आणि तात्या, फोड तुम्हीच काढलात ना शोधून? मग एका फेरीसाठी हट्ट कसला करता?"

"हट्ट नाही हो. आपलं विचारलं."

पण हट्टच होता. एकोणीस ही काय संख्या आहे? वीस असती तर दहा-दहा झाल्या असत्या. ही एक फेरी म्हणजे दीड मिनिटाचा खेळ, पण तात्याच्या डोळ्यात कुसळासारखी सलत राहिली. त्याची गाडी नऊ फेऱ्या पळून गॅरेजच्या दारात सोडली जाणार, आणि साडूची दहा फेऱ्या पळून, झेंडा घेऊन, लोकांसमोर उभी राहणार.

शनिवारी दुपारभर उड्यांचा सराव चालला. चिमणा एका गाडीवरून घसरत यायचा, पाय टाकायचा, उडी मारायचा आणि साडूनं धरलेल्या दुसऱ्या गाडीवर बसायचा. इंजिन चालू, हँडल साडूच्या मुठीत. बसला की साडू पाठीवर थाप मारायचा, मगच चिमण्यानं गिअर टाकायचा. तीस-बत्तीस उड्या झाल्या.

"साडू, घट्ट धरा हां. नाहीतर मी तुमच्या मांडीवर."

"ये की. घरी पोरं बसतातच."

दोघं खिदळत होते. अकरा वर्षांत साडू गॅरेजमध्ये असा विनोद कधी बोललाय, हे तात्याला आठवेना. तो मागे उभा राहून नट-बोल्टचे स्वच्छ पाने पुन्हा पुसत होता. टायरवाला जवळून जाताना म्हणाला, "तात्या, नवरीची आई झालाय आज. सगळं केलं तुम्ही आणि मिरवणार ते."

"चल, चाक भर," तात्या म्हणाला.

संघ लहान, माणसं मोजकी. त्यामुळे शर्यत सुटली की पहिल्या गाडीच्या मिस्त्रीनं ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर जाऊन पाटी दाखवायची, ही तिथली जुनी वहिवाट. या खेळात रायडरच्या कानात बोलायची सोय नसते. समोरून जाताना जे पाटीवर दिसेल तेच खरं. पाटीला खाचा होत्या. त्यात आकड्यांचे पत्रे सरकवायचे, आणि आत बोलवायचं असेल तेव्हा लाल बाणाचा पत्रा. चिमण्याला सांगून ठेवलं होतं, की बाण दिसला की ती फेरी संपवून आत ये. आठवी संपवून तो समोरून जाईल तेव्हा बाण, म्हणजे नववी संपता संपता तो आत.

रविवारी शर्यत सुटली. चिमणा पाचवा निघाला, तिसऱ्या फेरीला चौथा झाला, सहाव्या फेरीला दुसरा. दुसरा! या संघानं सहा वर्षांत दुसरा नंबर बघितला नव्हता. तात्या पाटीवर आकडे सरकवत होता आणि प्रत्येक फेरीला गाडीचा आवाज ऐकत होता. काय वाजत होती ती! चौथा गिअर, पाचवा गिअर, लोण्यातून सुरी जावी तशी. या आवाजाची बरोबरी त्या वरच्या मजल्यावाल्याला जन्मात जमायची नाही.

आठवी फेरी. बाणाचा पत्रा तात्याच्या उजव्या हातात होता. वळणावर गाड्या दिसल्या. पत्रा खाचेत सरकवायला एक क्षण लागतो. त्यानं पाटी उचलली. तिच्यावर दोनचा आकडा होता, मागच्याशी अंतर होतं. बाण नव्हता. चिमणा समोरून सुसाट निघून गेला.

एक फेरी. नियमात दहा बसतातच, तात्या मनाशी म्हणाला. मी काही नियम मोडला नाही.

पण त्याच क्षणी दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मागे गॅरेजच्या दारात साडू दुसऱ्या गाडीजवळ उभा होता. चाकांवर गरम पांघरुणं होती. या टायरांना आधी ऊब द्यावी लागते, थंड टायर म्हणजे साबणाची वडी. चिमणा आत येणार म्हणून साडू आता पांघरुणं काढणार, इंजिन सुरू करणार, आणि चिमणा तर येणारच नव्हता. तात्याच्या हातात नव्वदएक सेकंद होते. मधे फक्त गाड्या आत येण्याची वाट, दहा-बारा पावलांची. नुसता हात वर करून नको म्हणून हलवला असता तरी साडूला कळलं असतं.

मग त्यानं विचारलं असतं, का नाही दाखवलात बाण.

तात्यानं हात वर केला नाही. पाटी छातीशी धरून तो भिंतीवर उभा राहिला. पाठीमागे पांघरुणं ओढल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या गाडीचं इंजिन सुरू झालं.

नववी संपली. इतर रायडर आत वळले. एकाएकी त्या अरुंद वाटेत गाड्यांची आणि माणसांची झुंबड उडाली. चिमणा वळला नाही, समोरून सरळ गेला. या खेपेला तात्यानं बाण दाखवला. मागे हेड ओरडत होते. वारा सुटला होता. साडू गुडघ्यांवर बसून उघड्या टायरवर पांघरूण पुन्हा गुंडाळायची धडपड करत होता, टायरवाला त्याला मदत करत होता, आणि घाईत बंद लागत नव्हते.

ती दहावी फेरी तात्याला अठरा वर्षांएवढी लांब गेली. दूरच्या वळणावर चिमण्याची गाडी बाहेर फेकली गेल्यासारखी झाली, मागचं चाक वाकडं पळालं, लोक ओरडले. गाडी सावरली, पण दोघं त्याच्या पुढे गेले. तो आत आला तो ढोपर बाहेर काढून, अंग आखडून. उडी मात्र सुरेख मारली. साडूची थाप, गिअर, आणि तो बाहेर. पहिल्याच वळणाला गार टायरनं दगा दिला. गाडी आडवी होता होता चिमण्यानं बूट घासून ती उभी ठेवली. पुढच्या दोन फेऱ्या तो नुसता जीव मुठीत धरून चालवत होता. नंतर टायर तापले, त्यानं एक जण गाठला, आणि शेवटी तिसरा आला.

तिसरा म्हटलं तरी फुलं, फोटो, उंच पायरी. साडूची गाडी रांगेत उभी होती आणि साडू तिच्या बाजूला, हात कुठं ठेवावेत ते न कळून. चिमण्यानं त्याला मिठी मारली.

तात्या गॅरेजमध्ये आपल्या गाडीजवळ एकटा बसला होता. मागच्या चाकाच्या उजव्या अंगावरून बोटभर रुंदीची पट्टीच्या पट्टी निघून गेली होती. आतले पांढरे धागे दिसत होते. त्यानं तिथं बोट घातलं. टायर अजून गरम होता. अजून एक फेरी, नाही, अर्धी...

खिशातला फोन वाजला. बायको. "अहो, टीव्हीवर धाकटीचा नवरा दिसला! किती वेळ दाखवला! आई तर टाळ्या वाजवतायत. तुम्ही कुठं होता?"

"इथंच."

"दिसला नाहीत ते."

हेड लंगडत आत आले, मागोमाग चिमणा आणि साडू. हेडनी टायर बघितला. मग म्हणाले, "तात्या, नववीला बाण का नव्हता?"

तात्यानं तोंड उघडलं. त्याच्या आधी साडू बोलला.

"पत्रा अडकला खाचेत. मी इथून बघत होतो ना. तात्या हिसके मारत होते, निघेचना."

"असं?"

"हो. जुनी झालीय पाटी."

चिमण्यानं तात्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं, तात्या. नका जिवाला लावून घेऊ." हेड पुटपुटले, "नवी पाटी करून घ्या," आणि आपल्या कोपऱ्याकडे निघाले.

साडूनं तात्याकडे बघितलंही नाही. तो आपली पांघरुणं घड्या करायला लागला, कडेला कडा जुळवून.

तात्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याच्या अंगाचा भडका उडाला. झेंडा त्याचा, फुलं त्याची, मिठी त्याची, टाळ्या त्याच्या. आणि आता मोठेपणसुद्धा त्याचंच? येत्या आठवड्यात समोरासमोर जेवायला बसायचं. हा खाली मान घालून जेवणार आणि मी त्याच्या उपकारात घास गिळणार. नंतरच्या आठवड्यातही. जन्मभर. आणि हा एका शब्दानं बोलून दाखवणार नाही, कारण स्वभावच गरीब ना त्याचा!

तो उठला. ट्रकच्या मागच्या बाजूला हेडचं टेबल होतं, तिथं जाऊन उभा राहिला.

"पत्रा अडकला नव्हता. मी दाखवला नाही."

हेडनी चष्मा काढला. "कशासाठी?"

"दहावी फेरी माझ्या गाडीला पाहिजे होती."

आपण खरं बोललो याचं समाधान त्याला झालं, पण पश्चात्तापाचं नव्हे. साडूच्या हातून काहीतरी हिसकावून घेतल्याचं. हे त्याचं त्यालाही कळत होतं.

हेड ओरडले नाहीत. आपला न वाकणारा गुडघा दोन्ही हातांनी जरा सरकवला आणि साडूला हाक मारली. तो आला.

"तू काय बघितलंस खरं?"

साडूनं एकदा तात्याकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. "बाण त्यांच्या हातात होता. त्यांनी लावला नाही, हे चिमणा वळला नाही तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"त्या पोराचा जीव होता त्या टायरवर. आणि तू मला पाटी जुनी झाली म्हणून सांगतोस? माझ्या तोंडावर?" हेडचा आवाज चढला तो इथं, आणि चढला तो साडूवर. "तात्या, आजपासून तुम्ही भिंतीवर जायचं नाही. पहिल्या गाडीला हात लावायचा नाही. गाड्या बदला दोघं. आणि साडू, बक्षीस मिळालं म्हणून हुरळू नकोस. दुसरा माणूस नाही म्हणून देतोय तुला पहिली. खोटं बोलणारा आहेस हे माझ्या लक्षात राहील."

दोघं बाहेर आले. ट्रकच्या सावलीत रिकामे टायर रचून ठेवले होते. साडू त्यांच्याजवळ थांबला.

"मला खोटं पाडलंत," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं का तुला, बोल म्हणून?"

"नाही." साडूचा आवाज अगदी खाली होता. "अकरा वर्षं मी तुमच्या गाडीकडे बघत डबा खाल्ला, तात्या. रोज वाटायचं, आज हिचा एखादा नट ढिला निघावा. रोज. घरी येऊन तुमच्याच तोंडून तिचं कौतुक ऐकायचो. बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. आणि तुम्हाला एक दिवस सोसवलं नाही? एक फेरी?"

तात्याला फक्त इतकंच वाटलं, की हा माणूस आपल्यापेक्षा हेवासुद्धा चांगला करतो.

पुढची शर्यत तीन आठवड्यांनी, दुसऱ्या ट्रॅकवर. तिथलं डांबर जुनं, टायर शहाण्यासारखे वागणारे. गाडी बदलायचा नियम त्या एका शर्यतीपुरताच होता. तात्यानं सकाळी दुसऱ्या गाडीचं इंजिन दहा मिनिटं गरम केलं, हवा तपासली, पुन्हा तपासली आणि अंगावर चादर टाकली. मधल्या तीन आठवड्यांत एकत्र जेवणं झाली नव्हती. बायका जिन्यात भेटून बोलायच्या, आणि खालचा दरवाजा उघडला की गप्प व्हायच्या.

शर्यत सुटायच्या आधी साडू पहिली गाडी ढकलत बाहेर घेऊन गेला. तात्याच्या समोरूनच गेला. दोघांनीही मान वळवली नाही.

मग गॅरेज रिकामं झालं. तात्या चादर टाकलेल्या गाडीशेजारी स्टुलावर बसला. मांडीवर डबा होता, तो त्यानं उघडला नाही. पहिली फेरी संपवून गाड्या समोरून गेल्या तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि एवढ्या गलक्यातून आपली, म्हणजे साडूची, गाडी कानानं वेचून काढली. चौथ्या गिअरला कान लावला. पाचव्याला लावला. दुसऱ्या फेरीला पुन्हा लावला, तिसऱ्यालाही. कुठं जरा नाराजी, कुठं जरा घरघर, एखादा ठोका चुकलेला.

काही सापडलं नाही. गाडी छान वाजत होती. तात्यानं स्टूल दाराच्या आणखी जवळ सरकवलं आणि चौथ्या फेरीची वाट बघत बसला.